विळा लावला का?

गाडीवर मागे बसले की माझी मान आपोआप फलकांकडे वळते. नवरा म्हणतो, बरंय तू गाडी चालवत नाहीस, नाहीतर वाचत वाचत खांबाला धडकशील. खरं आहे त्याचं. फ्लेक्स वाढदिवसाचा असो, सप्त्याचा असो की श्रद्धांजलीचा, फोटोतल्या माणसाकडे माझं लक्षच जात नाही. मी 'समस्त गावकऱ्यांच्या वतीने' ही ओळ शोधते आणि तिच्यातला 'ऱ्या' बघते. य ला डावीकडून बिलगलेला तो वाकडा, अर्धा र जागेवर असला की बरं वाटतं. त्याच्याऐवजी डोक्यावर रफार ठोकून कुणी 'गावकर्यांच्या' केलेलं असलं की भर चौकात एकटीच चिडते. ही खोड मला बाईंनी लावली.

बाईंचं डीटीपीचं दुकान अशोक स्तंभाजवळच्या एका गल्लीत होतं. त्याआधी त्याच जागेत त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. नाशकातल्या कचेऱ्यांमधले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेलेले, म्हणून सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं. कॉम्प्युटर आले तसे त्यांनी टाइपरायटर फडक्यात गुंडाळून पोटमाळ्यावर चढवले आणि पन्नाशी जवळ आलेली असताना माउस धरायला शिकल्या. मी कमर्शियल आर्टचा डिप्लोमा करून निफाडहून एसटीने रोज ये-जा करत त्यांच्याकडे कामाला लागले. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "मला हे काम लय चांगलं येतं." बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "लय आपण चालवून घेऊ. चांगलं किती ते बघू."

दुकानात तीन मशिनं होती आणि तिन्हींवरचं डिझाइनचं सॉफ्टवेअर चोरीचं होतं. हे काही आमचंच वैशिष्ट्य नव्हतं. गल्लीतल्या सगळ्या दुकानांत तीच एक सीडी फिरलेली. तिला आम्ही 'क्रॅक' म्हणायचो, आणि लाज वाटण्यासारखा शब्द आहे हे कुणाच्या मनातही यायचं नाही. वरण-भात म्हणावं तसं क्रॅक म्हणायचो. प्रोग्रॅम उघडताना एक चौकट यायची. तिच्यात खरं तर विकत घेणाऱ्याचं नाव असायला हवं. आमच्या चौकटीत कुणा परदेशी माणसाचं, अर्धं इंग्रजी अक्षरांचं आणि अर्धं आकड्यांचं नाव होतं. ज्याने कुलूप फोडलं त्यानेच ते घातलं असावं. आम्ही त्याला 'भाऊ' म्हणायचो. सकाळी आल्या आल्या एकमेकींना विचारायचं, भाऊ उघडले का?

बाईंना मात्र भाऊंचं हसू यायचं नाही. त्या चौकटीकडे बघत एकदा म्हणाल्या, "दुकान माझं आणि पाटी ह्याची."

मूळ सॉफ्टवेअर विकत घ्यायचा प्रयत्न त्यांनी केला नव्हता असं नाही. कॅनडा कॉर्नरच्या एका विक्रेत्याकडे त्या रीतसर चौकशीला गेल्या होत्या, मला बरोबर घेऊन. त्याने सांगितलेल्या किमतीत आमची तिन्ही मशिनं नवी आली असती आणि वर प्रिंटर आला असता. बाईंनी शांतपणे विचारलं, "हप्त्याने मिळतं का?" तो तरुण हसला, आणि मला त्याच्या हसण्याचा इतका संताप आला की मी त्याच्या टेबलावरचं पाणीसुद्धा प्यायले नाही. बाईंनी मात्र पाणी पिऊन, आभार मानून, माहितीचं पत्रक घडी करून पर्समध्ये ठेवलं. रस्त्यावर आल्यावर म्हणाल्या, "दुकान बंद करायच्या आधी एकदा, एकाच मशीनवर का होईना, माझ्या नावाचं घेईन." काही वर्षांनी ती सॉफ्टवेअरं महिन्याच्या भाड्याने मिळायला लागली, तेव्हा त्या म्हणाल्या, "घ्या, आता हप्त्याने मिळतंय, पण हा हप्ता जन्मभर संपायचा नाही."

आता तो वाकडा अर्धा र. मराठी फॉन्टचा संचही आमच्याकडे चोरीचाच होता. मूळ संचाबरोबर मशीनच्या मागे खोचायचं एक छोटं कुलूप मिळायचं. कुलूप तोडून काढलेल्या प्रतीत काही अक्षरं वाटेत सांडली होती, आणि त्यात हा अर्धा र होता. त्याचं बटण दाबलं की कागदावर रिकामा चौकोन यायचा. बाकीच्या दुकानांनी तोड काढली. अर्धा र नाही ना, मग द्या रफार. गावकऱ्यांचे झाले गावकर्यांचे, शेतकऱ्यांचे झाले शेतकर्यांचे. कुणाचं काही अडलं नाही.

बाईंचं अडलं. त्यांनी माउसने तो र काढला. शाळेत पाटीवर गिरवतात तसा, चुकला की पुसून पुन्हा. दिसायला ऊस तोडायच्या कोयत्यासारखा नाही, पण अगदी गवत कापायच्या विळ्यासारखा. त्याची एक स्वतंत्र फाइल करून तिला नाव दिलं 'विळा'. मग प्रत्येक कामात जिथे जिथे तो यायचा तिथे रिकामा चौकोन पुसायचा, विळा आणून ठेवायचा, अक्षराच्या मापाने लहानमोठा करायचा आणि केसभर डावीउजवीकडे सरकवायचा. एका लग्नपत्रिकेत 'नवऱ्या मुलाचे', 'वऱ्हाडी', 'दुसऱ्या दिवशी' असे सहासात विळे सहज निघायचे. दशक्रियेची पत्रिका असली की माणसं दारातच उभी, रामकुंडावरचे गुरुजी ठरलेले, सगळ्यांना घाई. तरी प्रिंट देण्याआधी बाईंचा प्रश्न ठरलेला असायचा, "विळा लावला का?" एका पाहुण्याला वाटलं, ही काही नजर न लागायची रीत असेल. त्याने घाबरून विचारलं, "विळा आम्ही घरून आणायचा होता का?"

मी सुरुवातीला करवादायचे. कोण बघतंय, असं माझं म्हणणं. मग एकदा पंचवटीतल्या स्वयंपाक्यांनी त्यांच्या संघटनेच्या मेळाव्याचा फ्लेक्स आमच्याकडे दिला. बाई बँकेत गेल्या होत्या. मी घाईत विळ्याचा कंटाळा केला आणि रफार दिला. दहा फुटी फ्लेक्सवर 'आचाऱ्यांचा भव्य मेळावा' व्हायचा तिथे 'आचार्यांचा भव्य मेळावा' छापून आला. भट्टीवर जिलेबी तळणारी मंडळी एका फटक्यात विद्वान होऊन बसली. मुख्य आचारी फ्लेक्स न्यायला आले, वाचून खो खो हसले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई. एक दिवस आम्ही पण आचार्य होतो की!" बाईंनी ऐकलं नाही. स्वतःच्या खर्चाने दुसरा फ्लेक्स छापून दिला. मला त्या ओरडल्या असत्या तर मी उलट बोलले असते, पण त्या एवढंच म्हणाल्या, "चोरीच्या तव्यावर भाकरी भाजतोय आपण, पोरी. निदान भाकरी तरी सरळ भाजू."

मी म्हणाले, "बाई, एका र साठी एवढं?" त्यांनी पर्समधून रेशनकार्ड, विजेचं बिल आणि बँकेचं पासबुक काढून माझ्यासमोर मांडलं. तिन्हींवर त्यांचं आडनाव तीन प्रकारे लिहिलेलं. एकावर रफार, एकावर नुसताच ह, एकावर भलतंच काहीतरी. त्यांच्या आडनावात ह ला बिलगलेला तो विळा होता, आणि त्या एका अक्षरापायी त्यांना किती खिडक्यांवरून परत पाठवलं होतं ते त्यांनी मला सांगितलं. पतीच्या पश्चात पेन्शनची फाइलसुद्धा त्याच्यावर अडली होती. 'ही बाई तीच कशावरून?' असं साहेबाने विचारलं होतं. त्यानंतर मी विळ्याचा कंटाळा कधी केला नाही.

पुढे बाईंच्या डोक्यात आलं की असे सुटे विळे किती दिवस चिकटवायचे, अख्खा फॉन्टच आपण काढू. आपला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या जोडाक्षरापर्यंत. तो दुकानदारांना विकायचा, आणि त्या पैशातून आपल्या नावाचं सॉफ्टवेअर घ्यायचं. मला हे वेड वाटलं. मराठीला काय एबीसीडीसारखी सव्वीस अक्षरं आहेत? काने, मात्रे, वेलांट्या, जोडाक्षरं धरून काही शे आकृत्या होतात. पण दुपारी जेवून बाजार सुस्तावला की बाई आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने अक्षर काढत बसायच्या. जवळजवळ तीन वर्षं हे चाललं. फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअरही चोरीचंच होतं. ते त्यांना माहीत होतं आणि बोचतही होतं.

त्यांची काम करायची पद्धत मी अजून दुसऱ्या कुणात पाहिली नाही. एक अक्षर झालं की त्याची मोठी प्रिंट काढून दुकानाच्या शटरला चिकटवायच्या, रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या टपरीशी जाऊन उभ्या राहायच्या आणि तिथून बघायच्या. रिक्षावाले हॉर्न मारायचे. बाई पदर खोचून, डोळे बारीक करून त्या 'ळ' कडे बघत असायच्या. मी म्हणायचे, "अहो बाई, स्क्रीनवर मोठं करून बघा ना." तर म्हणायच्या, "फलक माणसं रस्त्यावरून वाचतात, खुर्चीतून नाही." एकेक अक्षर त्यांनी पंधरा पंधरा वेळा बदललं. माझ्याकडे कॉलेजचा डिप्लोमा होता, पण अक्षर म्हणजे काय ते मी त्या टपरीशी उभी राहून शिकले. इतकी चिकाटी माझ्यात नाही, हे तेव्हाच कळलं होतं.

विळा त्यांनी सगळ्यात शेवटी काढला आणि त्याला खाली एक बारीकशी मूठ दिली. छपाईत नीट बघितलं तरच दिसेल एवढीच. मी विचारलं, ही कशाला? "विळा आहे म्हटल्यावर मूठ नको? धरायचा कशाने?"

तयार फॉन्ट पहिल्यांदा त्यांनी निफाडच्या एका प्रेसवाल्या काकांना दिला. काका म्हणाले, महिनाभर वापरून बघतो, पटला तर घेतो, आणखी चार जणांना घ्यायला लावतो. कुणाला कॉपी देणार नाही, आईशपथ. महिना गेला, दुसरा गेला. काका फोनवर म्हणायचे, बघतोय, बघतोय. बाई वाट बघत राहिल्या. सॉफ्टवेअरचं ते पत्रक अजून पर्समध्येच होतं.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं आणि पैठणी बघायला मी बाईंना घेऊन येवल्याला गेले. एसटी स्टँडच्या बाहेर स्वागताचा मोठा फ्लेक्स होता. 'समस्त गावकऱ्यांच्या वतीने हार्दिक स्वागत.' मी सवयीने 'ऱ्या' बघितला, आणि बघतच राहिले. विळ्याला मूठ होती. बाईंनीही पाहिली होती. त्या मिनिटभर फलकाखाली उभ्या राहिल्या आणि मग चालू लागल्या. पैठणीच्या दुकानाची पिशवी, शेजारच्या मेडिकलची पाटी, शाळेच्या भिंतीवरचा सुविचार, सगळीकडे बाईंची अक्षरं. मला रडू फुटायचं बाकी होतं. "निफाडला उतरू आपण परत जाताना. त्या काकांना मी सोडत नाही," मी म्हणाले. "चोर मेला!"

"कुणाला चोर म्हणतेस?" बाई म्हणाल्या. "आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून. आपल्या मशीनवर भाऊ बसलाय ना?"

तरीही त्यांनी मेडिकलवाल्याला विचारलं, पाटी कुणाकडून केली. त्याने बोट दाखवलं. विणकरांच्या आळीत एका घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर होता आणि मागच्या खोलीतून मागाचा खडखड आवाज येत होता. कॉम्प्युटरवर तिशीतली एक बाई बसली होती. नवरा मागावर, ही डीटीपीवर. मी भांडायच्या तयारीने पुढे झाले, पण बाईंनी माझा हात धरला आणि गिऱ्हाइकासारखं विचारलं, "हा फॉन्ट कुठला हो? छान आहे."

ती खुलली. "लय भारी हे ना? कुणी बनवला ते नाय माहीत, मला देवळ्याच्या एका दुकानातून मिळाला. ताई, बाकीच्या फुकटच्यात गावकऱ्यांचा ऱ्या येतच नाय. ह्याच्यात बघा कसा येतो, ऐटीत! माझ्या पोरीने माझ्या पाट्या बघून शाळेत रफार दिला म्हणून तिच्या बाईंनी मार्क कापले होते. म्हणे, तुझी आई पाट्या छापते ना? आता कोण कापतंय बघू." मग ती जरा ओशाळून म्हणाली, "फक्त एक ळ्या तुटतो. 'सगळ्यांना' लिहिलं का मधी भेग पडते. चालवून घेते मी."

बाईंच्या चेहऱ्यावर काय काय आलं गेलं ते मी बघितलं. ती त्यांची पहिली प्रत होती. ळ्या चा दोष त्यांना नंतर सापडला होता आणि त्यांनी तो कधीच दुरुस्त केला होता. त्यांनी पर्स उघडली, त्या घडी केलेल्या पत्रकाच्या खालून पेन ड्राइव्ह काढला आणि म्हणाल्या, "उठ जरा. जुनी प्रत आहे ही. नवी टाकून देते."

ती गोंधळून उठली. बाई खुर्चीत बसल्या आणि खाली न बघता दहाही बोटांनी 'सगळ्यांना' टाइप करून दाखवलं. भेग नव्हती. त्या बाईने आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग बाईंच्या बोटांकडे, आणि मग तिला कळलं. "अगं माय," म्हणाली, "म्हंजे तुमीच का?" नवऱ्याला हाक मारून तिने माग थांबवला. चहा झाला, हळदीकुंकू झालं, पैशाचं विचारून झालं. बाई म्हणाल्या, "पैसे नको. पण रफार देऊ नकोस कधी." पैठणी आम्ही त्यांच्याकडूनच घेतली. तीच नेसून मी बोहल्यावर उभी राहिले.

परतीच्या वाटेवर निफाड आलं. काकांच्या प्रेसवरून गाडी गेली, आम्ही उतरलो नाही. मग त्या म्हणाल्या, "राग आलाच गं मला. तीन वर्षं गेली माझी. पण तिने ऐटीत म्हटलं ना, तेव्हा बरंही वाटलं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण त्या बाईने निदान तोंडावर कौतुक केलं. ज्यांचं आपण वापरतोय, त्यांना आपण काय सांगितलं? काहीच नाही."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी पोटमाळ्यावरून टाइपरायटर खाली उतरवले. गंगापूर रोडवर नवीन हॉटेल झालं होतं, त्यांना शोभेला जुन्या वस्तू हव्या होत्या. टेम्पोत चढवताना बाईंनी एकेकावरून हात फिरवला. "ह्यांच्यात चोरीचं काही नव्हतं," म्हणाल्या. त्या पैशात एका मशीनपुरतं, सॉफ्टवेअरचं एका वर्षाचं भाडं सुटलं.

ते येईपर्यंत माझं लग्न होऊन गेलं होतं; त्या दिवशी मी माहेरपणाला म्हणून निफाडला आले होते, तिथून मुद्दाम नाशकात गेले. आधी आम्ही भाऊंना काढून टाकलं. मग नवं घातलं, आणि चौकट आली. नाव लिहा. मी म्हणाले, "इंग्रजीत टाका बाई, पटकन होईल."

"इतकी वर्षं दुसऱ्याचं इंग्रजी नावच बघितलं," त्या म्हणाल्या. "माझं मराठीत." पाठ ताठ करून, परीक्षेला बसल्यासारखं त्यांनी आपलं नाव टाइप केलं आणि बटण दाबलं.

चौकटीत नाव आलं. पूर्ण, ठळक. आणि आडनावात ह च्या डोक्यावर रफार.

बाईंनी पुसून पुन्हा टाइप केलं. पुन्हा रफार. तिसऱ्यांदाही तेच. एवढं परदेशी, एवढं महाग, एवढं रीतसर पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर, आणि त्याच्या त्या चौकटीला बाईंचा र माहीत नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्या कंपनीला निफाडी भाषेत काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि बाई हसायला लागल्या. चष्मा काढून, डोळे पुसून पुसून हसल्या. मग त्यांनी त्याच नावाने आलेल्या पावतीची प्रिंट काढली, टेबलावर नीट सपाट केली, निळ्या बॉलपेनने रफार खोडला आणि ह च्या डावीकडे विळा काढला. मूठसुद्धा काढली.

पावती शटरला चिकटवून त्या रस्ता ओलांडून टपरीशी गेल्या, डोळे बारीक करून उभ्या राहिल्या आणि तिथूनच ओरडून मला म्हणाल्या, "झालं गं. आता माझ्या नावाचं झालं."